चुली किती?

संघदीपच्या स्मृतिदिनाची वंदना आटोपली, विहारातली मंडळी चहा घेऊन उठली, बायकांनी सतरंज्या झटकून घड्या घातल्या, तेव्हा साडेदहा वाजत आले होते. आता उरली ती घरचीच माणसं, आणि घरचीच माणसं उरली की भिवाजींच्या घरात बोलणं आटायचं. पाहुणा असला की हे घर गाजतं आणि पाहुणा गेला की भांडी वाजतात तेवढीच, हे धम्मदीपाला लहानपणापासून ठाऊक होतं.

आबा, म्हणजे भिवाजी, खुर्चीत बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, ताठ, पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. दहाव्या वर्षी बापाचं बोट धरून ते नागपूरला दीक्षेला गेले होते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी लग्नात त्यांना गोठ्याकडच्या पंगतीत बसवलं होतं आणि ते पोर उपाशीच उठून घरी आलं होतं. ही गोष्ट केनवडपासून रिसोडपर्यंत कुणाला माहीत नाही असं नव्हतं, कारण आबांनी ती सांगायची एकही संधी सोडली नव्हती. गोष्टीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, "आमच्या घरात वेगळी पंगत नाही."

आजी, दुर्गाबाई, खाटेवर होती. मोठा मुलगा संघपाल, धम्मदीपाचे वडील, भिंतीवरचा भावाचा फोटो उगाच पुन्हा पुसत होते. वीस वर्षांपूर्वी जीप उलटून संघदीप गेला, तो फोटोत अजून एकतीस वर्षांचाच होता. त्याची बायको कमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. मुलगी स्नेहा मागे भांडी घासत होती. आणि धम्मदीपा पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. थोड्या वेळात काय होणार ते तिच्याशिवाय इथं कुणालाच माहीत नव्हतं.

दारात स्कूटी थांबली. रिसोडची वैष्णवी आली होती, खांद्याला पिशवी आणि हातात फॉर्मांचा गठ्ठा.

"या, मोजणीवाल्या बाई," आबा खूष होऊन म्हणाले. "आमच्याकडे वावरं मोजतात अन् पोट्टेही मोजतात. बसा. दीपे, पानी आन."

दोन हजार साली या भागातल्या सतरा गावांत जन्मलेल्या सहाशे बारा मुलांची ही मोजणी होती. दर सहा महिन्यांनी कुणीतरी बाई यायची, पोराला लाकडी पट्टीला टेकवून उभं करायची, उंची घ्यायची, वजन घ्यायची, दंडाला फीत लावायची. मग आईला विचारायची, घरात माणसं किती, कोण काय शिकलं, पाणी कुठून आणता, काल पोरानं काय खाल्लं. मूल एकटं वाढत नाही, ते घरात वाढतं, घर वस्तीत असतं आणि वस्ती गावात, तेव्हा मोजायचं तर सगळंच मोजा, अशी त्यामागची समजूत होती. भिवाजींच्या घरात त्या वर्षी दोन मुली झाल्या. फेब्रुवारीत संघपालची धम्मदीपा आणि मे महिन्यात संघदीपची स्नेहा. घराला नंबर मिळाला एकेचाळीस.

नशिबाचा खेळ असा की एकेचाळीस नंबरची एक मुलगी संख्याशास्त्र शिकली आणि त्याच संस्थेत नोकरीला लागली. तिथं फाईलमध्ये नावं नसतात, नुसते आकडे असतात. पण माणूस स्वतःची जन्मतारीख विसरत नाही. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी तिनं एकेचाळीस नंबरच्या दोन्ही मुलींच्या उंचीच्या रेघा पडद्यावर काढल्या. साडेपाच वर्षांपर्यंत त्या हातात हात घालून चालल्यासारख्या वर गेल्या होत्या. नंतर एक तशीच चढत राहिली आणि दुसरी कलली. आठ वर्षं ती कललेलीच होती. चौदाव्या वर्षी तिनं मान उचलली, पण तोवर उशीर झाला होता. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलीनं विचारलं होतं, "काय गं, रडतेस का?" धम्मदीपानं डोळ्यात पंख्याची धूळ गेली म्हणून सांगितलं होतं.

साहेबांना तिनं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, तुझ्याच घरची नोंद, तुला तिला हात लावता येणार नाही. शेवटची फेरी चालू आहे, जुन्या नोंदी घरोघरी पडताळल्या जाणार आहेत. दुरुस्ती करायची असेल तर ती घरच्यांनी करावी, आणि कुटुंबप्रमुखानं सही करावी.

वैष्णवीनं पाणी पिऊन फॉर्म उघडला. "आबाजी, जुनंच वाचून दाखवते. बरोबर असन तर हो म्हना. चुकलं असन तर सांगा, मी दुरुस्त करते." माणसं, शिक्षण, विहीर, संडास, सगळं पटापट झालं. मग ती म्हणाली, "दोन हजार सहा ते चौदा. चुली किती? इथं एक लिहेल हाय."

चुली किती म्हणजे घरं किती. मोजणीचा नियमच तसा होता. जे एका चुलीवरचं खातात ते एक कुटुंब, मग छपरं चार असोत.

"एक," आबा म्हणाले. "लिहेल हाय ते बरोबर हाय. आमच्या घरात वेगळी पंगत नाही."

कमलकाकूच्या सुपातली तूर थांबली आणि पुन्हा हलू लागली.

"आबा," धम्मदीपा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "नीट आठवून सांगा ना."

"काय आठवू?"

"काका गेल्यावर मांगच्या सपरीत काकूची चूल होती. आठ वर्षं होती."

घरात असं काही पडलं नव्हतं तरी काहीतरी पडल्यासारखे सगळे दचकले. आजीनं तोंड भिंतीकडे केलं. संघपालनी फोटो खिळ्याला अडकवायला घेतला होता, तो त्यांच्या हातातच राहिला.

"पुन्याले शिकून तू घर फोडाले आली काय?" आबांचा आवाज चढला. "परक्या बाईसमोर? आज? संघदीपच्या दिवशी?"

"फोडत नाही, आबा. फुटलं होतं ते लिहा म्हणते."

"दीपा," वडील मध्ये पडले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि वर्गात भांडण लागलं की मधल्या सुट्टीची घंटा द्यायची त्यांची सवय होती. "शिळ्या कढीले कायले ऊत आनते? आता एकच चूल हाय ना? मंग झालं तं. घरोघरी मातीच्याच चुली राह्यतात."

"बाबा, तुमाले माहीत होतं."

"म्या नाही म्हनलं काय?" संघपाल म्हणाले आणि त्यांनी फोटो एकदाचा अडकवला. तो तिरपा बसला, आणि ते तो सरळ करायचं विसरले.

धम्मदीपानं काकूकडे बघितलं. तिच्या मनात होतं की काकू तरी बोलेल. जिची चूल होती तिनं बोलावं, त्यापुढे कोण काय म्हणणार? पण कमलनं मान वर न करता सासऱ्यांचीच री ओढली, "मामाजी म्हनतात ते बरोबर हाय. एकच होती. लिही वं माय, एक."

"काकू!"

"कायले उकरते, दीपा?" कमलनं खाटेवरच्या सासूकडे हात केला. "आत्याबाईले लकवा मारला तवापासून म्या त्याहिले या हातानं चारून राह्यली. अकरा वर्सं झाले. मिटलं ते. त्याहिनं बी मले माफ केलं, म्या बी त्याहिले केलं."

माफ करायचं काय होतं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. संघदीप त्या दिवशी जीप घेऊन निघाला तो कमलला माहेराहून, आसेगावहून आणायला. तिनंच निरोप धाडला होता, न्यायला या म्हणून. वाटेत जीप उलटली. तेराव्या दिवशी दुर्गाबाई म्हणाली, "तुह्या पायी गेला माहा लेक. माह्या चुलीपाशी तुहं तोंड नोको." पुढच्या महिन्यात मागच्या सपरीत, म्हणजे घरामागच्या उघड्या पडवीत, तीन दगड मांडले गेले. कमल रोजानं निंदायला जाऊ लागली आणि संध्याकाळी येऊन ओल्या काड्या फुंकत बसू लागली.

आबांनी बायकोला अडवलं नाही. तेवढं मात्र केलं नाही त्यांनी. त्यांनी एक वेगळीच व्यवस्था लावली. मोजणीवाली यायची त्या दिवशी मागच्या चुलीवर घमेलं पालथं घातलं जायचं, कमलला पुढच्या घरात बोलावलं जायचं आणि दोन्ही मुलींना एका ताटात वाढलं जायचं. "बाहेरच्या मानसासमोर घर एक दिसलं पायजे," असा हुकूम होता. ज्या माणसानं वेगळी पंगत नको म्हणून आयुष्यभर मान ताठ ठेवली, त्याला आपल्या घरात वेगळी पंगत आहे हे कागदावर चढलेलं कसं सोसावं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून कागदावर चढलं ते, चूल एक.

धम्मदीपाला ती ताटं आठवत होती. वरण, भात, वर तुपाची धार. स्नेहा भात चावायची नाही, गिळायची. सहा वर्षांच्या धम्मदीपाला त्याची गंमत वाटायची, आणि ते आठवलं की आता तिला स्वतःची किळस येई.

"बाई, मंग काय करू?" वैष्णवी अवघडली होती. तिला अजून तीन घरं करायची होती. "दोघं एक म्हनतात, एक दोन म्हनते. प्रमुख सांगतीन ते लिहा लागते मले."

"प्रमुखानं सांगितलं ना तुले?" आबा म्हणाले.

"काय सांगितलं?"

स्नेहा मागच्या दारात उभी होती. ओले हात ओढणीला पुसत. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. पंचवीस वर्षांची, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. तीन वर्षं रोज पहाटे केनवडच्या रस्त्यावर ती धावली होती. पोलीस भरतीत धावण्यात पहिल्या दहांत आली, गोळाही टाकला, आणि दोनदा उंचीच्या पट्टीखालून परत आली. एकशे पंचावन्न लागतात. तिची उंची एकशे त्रेपन्न होती. आता ती रिसोडला एका दुकानात बिलं करायची आणि भरतीचं नाव कुणी काढलं की उठून आत जायची.

"काही नाही," कमल म्हणाली. "जाय तू, भांडे कर."

"दीपाताई, तू सांग. माह्यं नाव आलं म्हनून म्या आली."

धम्मदीपानं सांगितलं. वर्गात शिकवायचं असतं तर तिनं पाटीवर रेघा काढल्या असत्या, पण आता साध्या शब्दांत सांगितलं. "स्नेहा, आमच्या हिशेबात असं असतं की एका चुलीवरची पोरं साधारण सारखी वाढतात. एक घर, एक अन्न, एक पाणी. तरी एक पोरगी खुंटली, तर हिशेब म्हणतो, घराचा काही दोष नाही, फरक पोरीतच आहे. तिच्या अंगातच काही कमी असेल. आपल्या घराची एकच चूल लिहिली आहे. म्हणून तुझ्या नावापुढं तेच येतं."

"अंगातच कमी," स्नेहा म्हणाली. ती हसली, पण ते हसू बघवेना. "मंग चूक काय हाय त्यात? सारेच तं म्हनतात. आजी म्हने, तुही काठीच बारीक हाय. भरतीतला साहेब म्हने, कुदरतच कमी हाय तं कोन काय करन. म्या बी तसंच समजत होती."

मग खाटेवरून, भिंतीकडच्या अंगानं, दुर्गाबाईचा जड आवाज आला. लकव्यानंतर तिचे शब्द अर्धे तोंडातच राहायचे. हे मात्र स्पष्ट आले.

"दोन लिही, बाई."

"गप राह्य तू," आबा म्हणाले.

"गपच होती न वीस वर्सं. म्या केली वेगळी. तिच्या मायवरचा राग होता, अन् भोगला या पोट्टीनं. सांजच्याले माह्या दारात येऊन उभी राहे. काही मांगे नाही, उभी राहे फक्त. म्या कवाड लावून घेत होती." तिला धाप लागली. कमल सूप टाकून उठली आणि सवयीनं तिची पाठ चोळू लागली. दुर्गाबाईनं चांगल्या हातानं सुनेचं मनगट धरून ठेवलं. "हे बी म्हनते एकच होती. मले वाचवाले म्हनते. मले नोको वाचवू, कमल."

कमलच्या डोळ्यांतून पाणी आलं. वीस वर्षांत तिला सासूसमोर रडताना धम्मदीपानं पाहिलं नव्हतं, आज पाहिलं.

"भाऊजी," कमल संघपालकडे वळून म्हणाली, "तुमी बी सांगा आता."

संघपालनी चष्मा काढला. "दोन होत्या," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "म्या शाळेतून खिचडीचा डबा आनत होतो स्नेहासाठी. कधी आनत होतो, कधी भेव वाटे आबाचं. तिले हाक मारून माह्यापाशी जेवाले बसवाले पायजे होतं. पाय उचलला नाही माहा."

आता एकटे आबा उरले होते. पेन वैष्णवीच्या हातात होतं. नियमाप्रमाणे बाकीच्या सगळ्यांनी कितीही सांगितलं तरी त्या रकान्यात आबांचंच उत्तर जाणार होतं. ते खुर्चीचे हात धरून बसले होते आणि त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी श्वासागणिक ताणली जात होती. धम्मदीपाला त्यांचा राग यायला हवा होता. पण तिला दिसत होता तो गोठ्याकडच्या पंगतीतून उपाशी उठलेला दहा वर्षांचा पोरगा, आणि त्यानंच मागच्या सपरीत मांडू दिलेले तीन दगड. दोन्ही एकाच माणसाचे होते, आणि तिला दोघांपैकी एकालाही टाकता येत नव्हतं.

स्नेहा पुढे आली. ती आबांकडे गेली नाही, धम्मदीपासमोर येऊन उभी राहिली. मान वर करून बघावं लागलं तिला. दोघींमध्ये नऊ सेंटिमीटरचं अंतर होतं.

"ताई, मले एकच सांग. तू शिकेल हाय. ते चूल फुटली नसती, तं म्या वाढली असती काय? एकशे पंचावन्न?"

हा प्रश्न येणार हे धम्मदीपाला चार महिन्यांपासून माहीत होतं, आणि चार महिने तिच्याकडे उत्तर नव्हतं. "ज्यांची घरं अशी मधेच तुटली," ती सावकाश म्हणाली, "ती पोरं बाकीच्यांपेक्षा सरासरी तीनेक सेंटिमीटर कमी राहिली. पण ती सरासरी आहे, स्नेहा. काही पोरं तशातही वाढली. काही चांगल्या घरातली खुंटली. सहाशे पोरांबद्दल मला सांगता येतं. एका पोरीबद्दल आमची विद्या काही सांगू शकत नाही. खोटं कसं सांगू?"

"म्हंजे माहीत नाही."

"नाही माहीत."

स्नेहानं मान हलवली. एवढं शिकून, एवढं मोजून, शेवटी हेच. तिनं ओढणी खांद्यावर नीट घेतली आणि ती मागच्या दाराकडे वळली.

"वाढली असती."

आबा उठून उभे राहिले होते. काठी न घेता, दाराची चौकट धरून. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, पण ते फक्त स्नेहाकडे बघत होते.

"हिले नसन माहीत. मले माहीत हाय," ते म्हणाले. "तुहा बाप या दारातून वाकून येत होता, माय. दरखेपी वाकून येत होता. तू वाढली असती." मग त्यांनी वैष्णवीकडे मान वळवली.

"लिही, बाई. दोन."